लाल दिवा विझेपर्यंत

“शेवटचा सूर संपला म्हणून लगेच हलायचं नाहीं, वैनी. लाल दिवा विझेतोंवर श्वास धरायचा. लुगड्याची सळसळदेखील नको.”

वरच्या मजल्यावरच्या गुंडोरावांचा हा आवाज जयवंतीबाईंच्या कानात उमटला तेव्हा त्या टी. नगरच्या एका साडीच्या दुकानात, आडी या तमिळ महिन्याच्या सेलच्या गर्दीत, एका पिवळ्या साडीवर तळहात ठेवून उभ्या होत्या, आणि खरोखरच हलत नव्हत्या. साडी कोपऱ्यावरच्या अम्मन देवीची ओटी भरायला हवी होती. पिवळं अंग, हिरवा काठ, फार भारी नको आणि देवीला लाज वाटेल इतकी हलकीही नको, एवढं मनाशी धरून त्या आल्या होत्या. दुकानात गाणी चालू होती. या गावात ती कुठे चालू नसतात? बसमध्ये असतात, रिक्षात असतात, लग्नाच्या हॉलात असतात, आणि आडी महिन्यात तर देवळाच्या भोंग्यावरही सिनेमाच्याच चाली देवीच्या नावाने चालतात. जयवंतीबाईंनी त्यावर फार पूर्वी उपाय काढला होता. गाणं सुरू झालं की ओठांच्या आत ‘श्रीराम जयराम’ सुरू करायचं. कानावर पडणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. पडायचं ते पडू दे, आपण ऐकायचं नाही. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आधी गाणं सुरू होतं की आधी नाम, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आज नाम नीट चाललेलं असतानाच गाणारी बाई थांबली, तबला थांबला, आणि त्या मोकळ्या जागेत एक खर्जातला, जाड, गजाने ओढलेला स्वर पायऱ्या उतरू लागला. देवळाच्या तळ्यात कुणी घागर घेऊन उतरावं तसा. शेवटच्या पायरीवर तो थबकला, आणि जयवंतीबाईंचं नाम बंद पडलं. त्यांनी बंद केलं नव्हतं. चालता चालता घड्याळ बंद पडावं तसं ते पडलं.

हा तर ऋषिपंचमीचा, त्यांच्या मनात आलं.

तो स्वर पाण्याला पाऊल न लावता मागे फिरतो हे त्यांना ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरून कितीतरी वर्षांपूर्वी एका पहाटे त्यांनी तो ऐकला होता, अळूची देठं सोलताना. पण इथे तो मागे फिरायच्या आतच त्या बाईचा आवाज वरून आला आणि पाण्यात उतरला. म्हणजे असं होतं तर. इतकी वर्षं तो स्वर थबकायचा तो कुणाची तरी वाट बघत. जयवंतीबाईंना हसू आलं, लगेच भीती वाटली, आणि पुन्हा, नको नको म्हणताना, पुढे काय होतं ते कळावंसं वाटलं. गाणं संपलं. इथे कुठला लाल दिवा. पाठोपाठ त्याच दुकानाची जाहिरात ओरडू लागली. “अम्मा,” समोरचा विक्रेता तमिळमध्ये म्हणाला, “साडी घेता आहात, की झोपली नाही म्हणून थोपटता आहात?” बाजूच्या दोघीतिघी हसल्या. जयवंतीबाईंनी हात उचलला. साडीवर घामाचा पंजा उमटला होता. आता हीच घ्यायला हवी, असं म्हणून त्यांनी तीच घेतली.

घरी वेस्ट मांबलमला परत येताना त्या रिक्षात संकेतला फोन लावावा की काय असा विचार करत होत्या, आणि लावून काय विचारायचं ते सुचत नव्हतं. बरा आहेस ना? तो बराच होता. पुण्यात होता, पस्तिशीचा होता, त्याला पोट सुटलं होतं. तरी त्यांच्या बोटांना फोनची बटणं सारखी लागत होती. कारण ज्या गाण्यांवाचून त्या इतकी वर्षं राहिल्या ती संकेतसाठीच. उमाकांतांची रेल्वेच्या अकाउंट्स खात्यात इथे बदली झाली तेव्हा कराडहून येताना जयवंतीबाईंनी आपल्या सामानात दोनच गोष्टी हट्टाने घेतल्या होत्या, समई आणि रेडिओ. भाषा कळत नाही, शेजार कळत नाही, भाजीवाली काय म्हणते ते कळत नाही, अशा त्या पहिल्या वर्षांत दुपारी रेडिओवर हिंदी गाणी लागली की त्यांना आपण कुठेतरी आहोत असं वाटे. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा त्या गाण्याच्या मध्ये येऊ नयेत अशा बेताने लावत. मग संकेतला कांजिण्या आल्या. वरच्या मजल्यावरच्या विजयलक्ष्मीअक्का, गुंडोरावांची बायको, कडुलिंबाचा डहाळा घेऊन खाली आल्या, तो दाराला खोचला आणि म्हणाल्या, “अम्मा तुमच्या घरीं आली आहे. आतां फोडणी नको, भांडण नको, रेडिओ नको. तिसरं न्हाणं जाहलें की मग काय तें.” आजाराला पाहुणी म्हणायची ही तऱ्हा जयवंतीबाईंना नवी होती, पण पटली. रेडिओवर त्यांनी फडकं टाकलं. दोन दिवसांनी ताप डोक्यात गेला आणि पोरगं आईकडे बघून ‘तू कोण?’ म्हणालं. तेव्हा त्या अनवाणी कोपऱ्यावरच्या देवळात गेल्या आणि त्या काळ्या, लिंबांच्या माळेत बुडालेल्या देवीसमोर उभं राहून मराठीत म्हणाल्या, “पोराला सोड. मी रेडिओ सोडते. सिनेमाचं गाणं म्हणून ऐकणार नाही, मरेपर्यंत.”

पोरगं उठलं. तिसरं न्हाणं झालं. हळदीच्या पाण्याने पिवळा झालेला संकेत पाटावरून उठला तेव्हा अक्का म्हणाल्या, लावा आतां तुमचा रेडिओ. जयवंतीबाईंनी तो वॉचमनला दिला. एक शंका मात्र त्यांच्या मनात तेव्हापासून होती आणि ती त्यांनी कुणालाही विचारली नव्हती. देवी तमिळ. आपण बोललो ते मराठी. तिला त्यातलं किती कळलं असेल? ‘सोड’ कळलं हे नक्की. पण ‘मरेपर्यंत’?

आणि मग, याला काय म्हणावं, नवसाच्या दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात गुंडोराव पहाटे वाजवायला लागले. म्हणजे वाजवत ते आधीपासूनच असतील. जयवंतीबाईंना ऐकू यायला लागलं तेव्हापासून. गुंडोराव चेलो वाजवत. तंजावरच्या मराठ्यांपैकी. त्यांची मराठी पहिल्यांदा जिन्यात ऐकली तेव्हा जयवंतीबाईंना हसू फुटलं होतं, आणि तेही हसले होते. “आमची मराठी पेटींत घालून ठेवलेली आहे, वैनी. डांबराच्या गोळ्यांचा वास यायचाच.” उमाकांत त्यांना भेटले की विचारत, “काय गुंडोराव, आज दरबार किती वाजता?” आणि ते घड्याळात बघून गंभीरपणे सांगत, “नऊ वाजतां, वडपळनीला.” दरबार म्हणजे स्टुडिओ. त्यांचा कुणी पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात इंग्रजी बँडमध्ये बसत असे म्हणे. खरंखोटं तोच जाणे. गुंडोराव शिकले मात्र सांथोमच्या एका चर्चमधल्या म्हाताऱ्या फादरकडे, आणि शिकले ते परदेशातलं, शास्त्रोक्त, कागदावर लिहिलेलं संगीत. त्यांना रंगमंचावर एकट्याने बसून ते वाजवायचं होतं. नेसलेली पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कपाळाला अंगारा, आणि दोन गुडघ्यांमध्ये ते माणसाएवढं वाद्य. पोट भरायला मग ते सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. चार चेलो असत, व्हायोलिनवाल्यांच्या मागे, भिंतीच्या बाजूला. सकाळी व्हॅन येई, गुंडोराव चेलो पाठीवर घेऊन जिना उतरत, आजारी माणसाला सांभाळून उतरवावं तसे, वळणावर त्याच्या डोक्याला हात लावून.

पहाटे जयवंतीबाई समई लावत तेव्हा वर सगळ्यात जाड तारेवर एकच लांब स्वर सुरू होई. इतका लांब की गजाला शेवट आहे की नाही असं वाटावं. मग पुढच्या तारा, मग सरगम, आणि शेवटी एक छोटा तुकडा, एकदाच. रोज वेगळा. तो तुकडा पुन्हा येत नसे. जयवंतीबाईंना त्याचंच कुतूहल वाटायचं. मिठाईच्या दुकानातून चव बघायला एक कण हातावर ठेवावा आणि दुकान बंद करून निघून जावं, तसं ते होतं. एकदा जिन्यात त्यांनी धीर करून विचारलं, “ते शेवटचं एकदाच का वाजवता?” गुंडोराव चेलोच्या मानेला धरून उभे राहिले. “तें कालचं. काल स्टुडिओंत जें दिलं तें एकदां पाहून घेतों, मग विसरतों.” “पण कुठलं गाणं ते?” “आम्हांला गाणं कोण दाखवतंय, वैनी? कागद पुढें ठेवतात, खूण करतात, वाजवतों. गाणारा मागाहून येतो. कुठला सिनेमा, कोण नाचणार, कांहीं ठाऊक नाहीं.” मग त्यांनी तो लाल दिव्याचा नियम सांगितला, रेकॉर्डिंग चालू असलं की वर लाल दिवा, आणि शेवटचा सूर हवेत विरून दिवा विझेपर्यंत कुणी खुर्चीसुद्धा करकरू द्यायची नाही. आणि जिना उतरता उतरता मागे न बघता म्हणाले, “तुम्ही ऐकतां हें ठाऊक आहे मला. तेवढ्या वेळांत खालीं घंटा थांबते.”

त्या दिवशी जयवंतीबाईंना देवापुढे बसताना फार लाजल्यासारखं झालं. पण घंटा त्यानंतरही थांबतच राहिली. उलट तुकडा संपल्यावर त्याही हलायच्या नाहीत. हातात तशीच घंटा, लोलक बोटाने धरलेला, वर कुठे दिवा असेल तो विझेपर्यंत. हे ऐकणं नवसात बसतं का? सिनेमाचं गाणं ऐकणार नाही असं म्हटलं होतं, आणि हे काही गाणं नव्हतं. हा गाण्याच्या घराचा एक दरवाजा होता. भिंती नाहीत, छप्पर नाही. नुसता दरवाजा कुणी रोज सकाळी आणून अंगणात उभा केला तर माणूस काय करील? त्याच्यामागे घर बांधील. जयवंतीबाईंनी बांधली. प्रत्येक तुकड्याला त्यांनी तिथीवारावरून नाव ठेवलं, हरताळकेचा, आवळीनवमीचा, त्या ओल्या शनिवारचा, आणि दळताना, निवडताना, वाती वळताना त्याच्या पुढचं-मागचं गाणं स्वतः मनात रचलं. शब्द नसत, पण चाल असे, आणि ती चाल कराडच्या दुपारसारखी कुठेतरी लांब, नदीच्या बाजूने जात असे. अशी किती गाणी त्यांच्याजवळ होती ते त्यांनी कधी मोजलं नाही. एकही त्यांनी कधी मोठ्याने गुणगुणलं नाही.

गुंडोरावांना एकट्याने वाजवताना त्यांनी एकदाच बघितलं. एग्मोरला एका शाळेच्या हॉलात त्यांनी सगळी संध्याकाळ त्या परदेशी रचना वाजवल्या. पंखे होते म्हणून गरम होत होतं आणि पंख्यांचा आवाज येतो म्हणून ते बंद केले होते. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. उमाकांत पहिल्या दहा मिनिटांत झोपले. जयवंतीबाईंना त्यातलं काही समजलं नाही, पण घरात एकट्याच असलेल्या माणसाने स्वतःशी बोलावं, स्वतःच विचारावं आणि दुसऱ्या खोलीतून स्वतःच उत्तर द्यावं, तसं काहीतरी ते होतं. त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग कुणी केलं नाही. पुढे एकाच यंत्रातून चाळीस व्हायोलिनं वाजायला लागली आणि व्हॅन यायची बंद झाली. गुंडोराव अड्यारला मुलांना शिकवायला जाऊ लागले. पहाटेचा लांब स्वर राहिला, सरगम राहिली. शेवटचा तुकडा मात्र गेला, कारण विसरण्यासारखं आदल्या दिवशी काही वाजवलेलंच नसे.

अक्का आधी गेल्या. गुंडोराव गेल्या आडीत गेले. शेवटी ते खिडकीजवळच्या खाटेवर असत आणि जयवंतीबाई दुपारी पेज घेऊन वर जात. कोपऱ्यात चेलो, त्याच्यावर अक्कांचं जुनं लुगडं. “वैनी,” एका दुपारी ते म्हणाले, “मी कुठल्या गाण्यांत आहें तें मला ठाऊक नाहीं. जननीला तर नाहींच. ह्या गांवांत एकच माणूस आहे ज्यानें मला गाण्याशिवाय ऐकलं. एकदां तीं गाणीं ऐका आणि तिला सांगा, हा तुझा बाप.” नवसाचं त्यांना माहीत होतं, अक्कांनी सांगितलं असणार. म्हणून पुढे ते नुसतं बघत राहिले, आणि जयवंतीबाईंच्या हातात पेजेचा चमचा होता, आणि आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं. “बरं,” त्या म्हणाल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्या शब्दाला साक्षी नव्हता, हे त्यांना त्या वर्षभरात बरेचदा आठवलं, आणि प्रत्येक वेळी तो शब्द आणखी जड झाला.

साडी घेऊन त्या घरी पोचल्या तर जननी येऊन बसलेली. गुंडोरावांची एकुलती मुलगी. अड्यारच्या एका कॉलेजात शिकवते, तिकडेच राहते. “मामी, संडेला प्रोग्राम आहे,” ती म्हणाली. “अप्पांचं वर्ष जालं ना. त्यांची स्टुडंट्स वाजवणार. आणि अप्पांची सिनेमातली साँग्ज हॉलमध्ये ऐकवायची. त्या वर्षांतली चेलो असलेली सगळी मी जमवली.” तिने फोन पुढे केला आणि जयवंतीबाईंनी निखारा बघून हात मागे घ्यावा तसा हात मागे घेतला.

“आमच्या हिच्या कानांना सोवळं आहे,” उमाकांत वर्तमानपत्रामागून म्हणाले. “तुझ्या फोनलाच अंघोळ घालावी लागेल.”

“मामा, चेष्टा नको. प्रॉब्लेम आहे.” जननी फोन उलटा करून मांडीवर ठेवून बसली. “चार चेलो होते. कुठला सोलो कुणाचा, कुणालाच ठाऊक नाही. त्यांतले कृष्णस्वामी अंकल तेवढे राहिलेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, लिहून घे, सगळे माझे.”

“सगळे?” उमाकांतांनी वर्तमानपत्र खाली केलं. “मग बाकीचे तिघे काय भिंतीला टेकू द्यायला होते?”

“मी लिहून घेतलं, मामा. काय करू? संडेला तेच वाचणार. अंकलना स्टेजवर बसवणार. एकदा सगळ्यांसमोर वाचलं की मग तेच राहणार.” तिने मांडीवरचा फोन बाजूला ठेवला. “मला अप्पांचं वाजवणं आठवतच नाही, मामी. पहाटे मी कानावर उशी घ्यायची. फ्रेंड्स विचारत, डॅडी काय करतात, मी सांगायची, रेकॉर्डिंगला जातात. जसे बाकीच्यांचे ऑफिसला जायचे. तुम्ही तर खालीच होता. तुम्हाला एक तरी आठवतो का? सॉफ्टवेअरनं मी वॉइस काढून टाकीन. नुसता चेलो ठेवीन. मग ते साँग नाही ना?”

“कांद्याच्या भाजीतला कांदा वेचून काढला, तर ती उपासाला चालते का गं?” जयवंतीबाई म्हणाल्या. त्यांना ते बोलायचं नव्हतं. जननी हसली, पण उठली. तिला त्यांनी कुंकू लावलं, ओंजळीत साखर दिली, दारापर्यंत गेल्या. दारात जननी म्हणाली, “सरी, मामी, बरं. तुम्ही या मात्र,” आणि जिना उतरताना वळणावर तिने भिंतीला हात लावला, नेमका जिथे गुंडोराव चेलोच्या डोक्याला हात लावत तिथे. तिला ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

रात्री जेवणं झाली, शनिवार उजाडला. शनिवारी जयवंतीबाई एकभुक्त असत. पोथी उघडली, पण ओळींवरून नुसती बोटं फिरत होती. वचन मोठं की नवस मोठा असा हा प्रश्न त्यांना दिसत नव्हता. वचन माणसाला दिलेलं, नवस देवीला, त्यात मोठं कोण हे पोरालाही कळेल. प्रश्न वेगळाच होता, आणि तो सारखा पाठ फिरवून बसत होता. काल दुकानात ऐकलं, आता काय होईल? काही झालं नव्हतं. पण कुठल्याही आईला विचारा, काही झालं नाही याने कधी समाधान होतं का? शेवटी दुपारी त्यांनी संकेतला फोन लावला आणि, जे त्याला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

“आई,” तो म्हणाला, “मागच्या वाढदिवसाला मी तुला तो गाणी भरलेला रेडिओ पाठवला होता. त्याचं काय केलंस?”

“देवाच्या कपाटात आहे. सोवळ्याच्या खाली.”

“आणि दर रविवारी मी विचारतो, आई गाणी ऐकतेस का, तर म्हणतेस, आवाज छान आहे.”

“छान आहे असं तुझे बाबा म्हणतात. ते ऐकतात, मी स्वयंपाकघरात असले की.”

तो हसला, मग हसता हसता थांबला. “अगं, कांजिण्या होत्या. सगळ्या पोरांना येतात.” 

“तू मला विचारलं होतंस, तू कोण म्हणून.”

“हे बघ,” तो म्हणाला, “नवस माझ्यासाठी ना? मग मी सांगतो, सोडला तुला. ऐक गाणी.”

“तू कोण सोडणार? तू बोललास का तिच्याशी?” जयवंतीबाई हळूच म्हणाल्या. “जेवलास का?”

फोन ठेवल्यावर त्या वाती वळायला बसल्या आणि सवयीने ऋषिपंचमीचं गाणं मनात सुरू केलं. त्यांचं, त्यांनी रचलेलं. स्वर पायऱ्या उतरला, थबकला, आणि आता तो मागे फिरून नदीच्या बाजूने जायचा. पण वरून त्या बाईचा आवाज आला आणि पाण्यात उतरला. त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच बाई आली. तिसऱ्यांदा त्यांनी वात खाली ठेवली. त्यांचं गाणं गेलं होतं. काल दुकानात, साडीवर हात ठेवून त्या उभ्या होत्या तेव्हाच गेलं होतं, आणि आज त्याची जागा चाचपावी तर तिथे कडासुद्धा लागत नव्हती. म्हणजे उद्या अड्यारला जाऊन जननीसमोर बसायचं, एकेक गाणं ऐकायचं, तर हरताळकेचं जाईल. आवळीनवमीचं जाईल. तो ओला शनिवार जाईल. प्रत्येक दरवाजा आपल्या खऱ्या घराला जाऊन बसेल आणि त्यांनी बांधलेली घरं नुसती रिकामी होणार नाहीत, मुळात नव्हतीच असं होईल.

यासाठी पाठ फिरवून बसला होता तर तो प्रश्न. संकेतची भीती होती, ती खरी होती, अजूनही होती. पण तिच्या आड हे दुसरं बसलं होतं, आणि त्याला जयवंतीबाईंनी आजवर कधी तोंडावर बघितलं नव्हतं. त्यांना आश्चर्य वाटलं. दुःख नंतर वाटेल कदाचित. आधी नुसतं आश्चर्य वाटलं, की आपल्याजवळ इतकं होतं. तेव्हा देवीसमोर त्या रेडिओचा नवस घेऊन उभ्या होत्या, कारण तेवढंच त्यांच्याजवळ आवडीचं होतं. ते दिलं. मग तिने, का कुणास ठाऊक, हळूहळू हे दिलं, दर पहाटे एक कण हातावर ठेवून. आता आवडीचं काय आहे असं तिने विचारलं तर काय दाखवणार? हेच. त्यांनी ती वात उचलली, पुन्हा पिळली. दुसरी घेतली.

रविवारी सकाळी त्या पूजा आटोपून नेसल्या तेव्हा उमाकांत चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. “कार्यक्रम संध्याकाळी आहे ना?”

“त्याच्या आधी जननीकडे जाते. तिला ऐकून सांगायचंय, कुठलं गुंडोरावांचं.”

उमाकांतांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना चेष्टा सुचली नाही असं क्वचित झालं होतं. “मी येऊ?”

“नको. तुम्ही झोपाल.”

“छत्री घे,” ते म्हणाले. “ऊन आहे.”

देवळात आडीची गर्दी होती. नाचणीच्या आंबिलीचे हंडे मांडले होते, बायका तांबे घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि भोंगा इतका कर्कश होता की पुजाऱ्यालाही ओरडून बोलावं लागत होतं. जयवंतीबाईंनी पिवळी साडी, नारळ, बांगड्या, हळदकुंकू असं ताट पुढे केलं. साडीवरचा पंजा वाळून गेला होता, पण कुठे होता ते त्यांना दिसत होतं. देवी तशीच होती, काळी, लिंबांत बुडालेली, डोळे उघडे. या वेळी तमिळमध्ये सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं. आता येत होतं तमिळ, भाजीवालीशी भांडण्याइतकं. पण उभं राहिल्यावर मराठीच आलं. “पोर तुझं आहे, त्याच्याकडे बघ,” त्या म्हणाल्या. “मी ऐकायला चालले. ऐकून जे जाईल ते तुझं.” भोंग्यात त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. पुजाऱ्याने हातावर लिंबू ठेवलं आणि कडुलिंबाची चार पानं. “येते,” त्या म्हणाल्या, आणि लिंबू पिशवीत किल्लीशेजारी ठेवलं. भीती कमी झाली नव्हती. ती बरोबर येणार हे त्यांनी धरलंच होतं.

अड्यारच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. छत्री मांडीवर आडवी, तिच्यावर पिशवी, पिशवीवर हात. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून गाणं सुरू झालं, आणि सवयीने ओठांच्या आत ‘श्री’ तयार झाला. जयवंतीबाईंनी तो तिथेच राहू दिला, पुढे जाऊ दिला नाही. गाणं नवीन असावं, जुनं असावं, त्यांना काय कळणार. एक पुरुष गात होता, मग एक बाई, मग बासरी, आणि प्रत्येक मोकळ्या जागेपाशी त्या जरा पुढे वाकून बघत होत्या, आता कोण येतं. चेलो आला नाही. नाही तर नाही. गाणं संपलं. कंडक्टर ओरडला, कुणी उठलं, कुणी शिंकलं, पुढच्या बाईने पदर झटकला. जयवंतीबाई हलल्या नाहीत.